साठ दिवसांचा बाबा

४ जानेवारी, रविवार

शकू पडली. घसरगुंडीवरून, गुडघ्यावर. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते — दोन हातांच्या! झटकन उचललं, पोटाशी धरलं, फुंकर घातली. आणि ही बया माझ्या खांद्यावरून हात लांब करून आमच्या खिडकीकडे बघत ओरडतेय, "बाबा! बाबाच हवा!" बाबा तिसऱ्या मजल्यावर भाजी चिरतोय. मी इथे मातीत गुडघे टेकून बसलेय, तर मी नको.

बाकावर बसलेल्या सगळ्या आया बघत होत्या. एक हसून म्हणाली, "बाबार मेये!" बापाची लेक. मीही हसले. हसण्यावाचून दुसरं काय करता येतं चारचौघांत?

सलील खाली आला, तिला घेतलं, दोन मिनिटांत चिडीचूप. गुडघ्याला नुसता हात लावला त्याने. हळदही नाही, मलमही नाही.

माझ्या पोटात दुखतंय. निदान या वहीत तरी कबूल करते. आपल्याच नवऱ्याच्या नावाने पोटात दुखणारी बाई मी एकटीच असेन.

५ जानेवारी, सोमवार

ऑफिसात, डबा खाऊन झाल्यावर लिहितेय. सासूबाईंचा सांगलीहून फोन येऊन गेला. रोज येतो. रडवेला आवाज. "सलीलचं काही कळलं का गं? तू खचू नकोस हं देवयानी." मी "नाही आई, होईल सगळं" म्हणते.

त्यांना वाटतं मी नोकरीच्या काळजीने झिजतेय. काळजी आहेच, नसायला काय झालं! माझी बदली इथे कोलकात्याला झाली म्हणून याने पुण्याची पक्की नोकरी सोडली आणि सेक्टर फाइव्हमधल्या एका कंपनीत करारावर लागला. डिसेंबरच्या तीन तारखेला त्याचं प्रोजेक्ट संपलं. तेव्हापासून तो बेंचवर. म्हणजे पगार चालू, काम नाही, घरी बसायचं आणि कंपनीतल्या कंपनीत दुसरं काम शोधायचं. साठ दिवसांत मिळालं तर ठीक. नाही मिळालं तर राम राम. ३१ जानेवारीला साठ दिवस भरतात.

हे सगळं खरं. पण मी रात्रंदिवस ज्याने कुढते ते हे नव्हेच. नोव्हेंबरपर्यंत दोघं मुलं पाळणाघरात असायची, दोघांनाही आम्ही दोघं सारखेच कमी मिळायचो. आता त्यांना बाबा दिवसभर मिळतोय. मला एक महिन्यात दुय्यम करून टाकलंय माझ्याच घरात.

६ जानेवारी

दार उघडल्या उघडल्या शकू: "आई, बाबाने आज डोशाचा हत्ती केला!" विराज: "आई, बाबाला ना फुलपाखराचं जीवनचक्र पूर्ण येतं!" बाबा, बाबा, बाबा. मी काय केलं दिवसभर ते कुणी विचारलं नाही. (विम्याच्या क्लेमच्या एकवीस फायली. पण त्यात हत्ती नव्हता.)

८ जानेवारी, गुरुवार

आज धाडस केलं. ऑफिसात वरच्या मॅडमकडे बालसंगोपन रजेचा विषय काढला. दोन महिने हवेत, फेब्रुवारी-मार्च. शकू एप्रिलपासून मोठ्या शाळेत जाणार, चार वाजेपर्यंत. आत्ता बारा वाजता घरी येते. हे शेवटचेच दोन महिने आहेत तिच्या दुपारचे. मला त्या दुपारी हव्यात. एवढंच.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "लेकिन आपके मिस्टर तो घर पर ही हैं ना?"

मी म्हटलं, तात्पुरते.

"उनका ऑफिस शुरू होने दीजिए, फिर आइए. मैं दे दूँगी." आणि फाइल पुढे ओढली.

रजा हक्काची नसते, वरच्याच्या मर्जीची असते, हे माहीत होतं. पण आपल्या रजेच्या आड आपलाच नवरा उभा आहे हे आज कळलं. म्हणजे गोष्ट सरळ आहे: ३१ तारखेच्या आत सलीलला काम मिळालं, तर तो बाहेर आणि मी घरी. नाही मिळालं, तर तो कायमचा घरी, मी कायमची एस्प्लनेडच्या ऑफिसात.

सलीलला यातलं काही बोलले नाही. आधीच त्याच्या मानेवर ओझं काय कमी आहे! ...खरं कारण ते नाही. "तुला मुलांसाठी रजा कशाला, मी आहे ना" असं तो म्हणेल आणि ते मला ऐकवणार नाही, हे खरं कारण.

११ जानेवारी, रविवार

ठरवलं होतं की आजचा रविवार माझा. सलीलला म्हटलं, तू तुझे अर्ज कर, आज शकूची अंघोळ मी घालते. तर पहिल्याच तांब्याला: "असं नाही! बाबा आधी पायावर घालतो." साबणाला: "बाबा फेसाने पाठीवर चित्र काढतो." डोकं पुसताना: "बाबा हळू पुसतो."

मी म्हटलं, बाबाला बाळं झाली नव्हती, मला झालीत. चार वर्षांच्या पोरीला हे बोलले मी! तिला काही कळलं नाही, नशीब. दारातून विराज ऐकत होता. सात वर्षांचा आहे, त्याला अर्धं कळलं असेल.

१४ जानेवारी, बुधवार — संक्रांत

इतकी चिडलेय, अक्षर बघ कसं येतंय.

शकूचं शेवटचं बोरन्हाण. पाच वर्षांनंतर करत नाहीत. आईने पुण्याहून हलव्याचे दागिने पाठवले होते: मुकुट, बांगड्या, इवलासा हार. मी सकाळी काळं झबलं काढून ठेवलं, बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, रेवड्या, सगळं सुपात मांडून गेले. स्पष्ट सांगितलं, सहाला करू, मी साडेपाचला निघते, मेट्रोने वीस मिनिटं.

सहा दहाला दारात पोचले तर घरभर चुरमुरे. फुगे फुटलेले. शकूचा मुकुट अर्धा खाल्लेला! कॉम्प्लेक्समधल्या मुलांच्या सहा वाजता ट्यूशन असतात म्हणून सलीलने पावणेसहालाच उरकलं. "तुला फोन लावला होता, लागला नाही." मी मेट्रोत जमिनीखाली होते, कसा लागणार?

आणि पुढची कथा ऐकायची तर — त्यात याने घोळ घातला तो निराळाच. डोक्यावरून बोरं ओतल्याबरोबर बंगाली पोरं तुटून पडली, आणि मागून आया किंचाळल्या, "एमा! सरस्वती पूजोर आगे कूल!" इथे सरस्वतीपूजेआधी मुलांना बोर खाऊ देत नाहीत. खाल्लं तर देवी रुसते, परीक्षेत नापास. आणि आमच्या घरी डोक्यावरून बोरांचा पाऊस! मी असते तर जमिनीत गेले असते. सलीलने म्हणे हात जोडले, म्हणाला, महाराष्ट्राची देवी संक्रांतीला सूट देते, आणि पोरांच्या हातातली बोरं काढून रेवड्या दिल्या. आया हसत हसत घरी गेल्या. जाताना एक म्हणाली, की भालो मानुष! काय भला माणूस!

याचं सगळं खपतं. मी चूक केली तर चूक, याने केली तर गंमत.

फोटो आहेत म्हणाला. बेचाळीस. एकातही मी नाही.

१५ जानेवारी

बोलले नाही. तोही दोनदाच बोलला. "सॉरी" आणि "डबा घे."

१८ जानेवारी, रविवार

रजनीकाकूंकडे हळदीकुंकू. काकू याच कॉम्प्लेक्समध्ये दुसऱ्या बिल्डिंगीत राहतात. त्यांच्या आजोबांपासून घराणं कोलकात्यातलं, मराठी घरात आणि बंगाली बाकी सगळीकडे. आपल्या पंधरा-वीस जणी तरी जमल्या होत्या, एक तर पार बराकपूरहून आली होती.

तिळाच्या वड्या सलीलने केल्या होत्या. मला ऑफिसातून वेळच नव्हता. बायका वडी तोंडात टाकली की विचारायच्या, कुणी केली? मी सांगायचे. मग एकच सूर: "नशीबवान आहेस हो!" आणि लगेच आवाज खाली आणून: "अजून काही नाही ना झालं त्यांच्या कामाचं?" एका श्वासात हेवा आणि एका श्वासात कीव. वाणात प्रत्येकीला स्टीलची चाळणी मिळाली. मला चाळणीबरोबर ही दोन्ही.

नाव घे म्हणून मागे लागल्या. घेतलं —

"तिळात मिसळला गूळ, झाला गोड गोळा,
सलीलरावांनी लावला पोरांना लळा."

टाळ्याच टाळ्या! अगदी वन्स मोअर. मी भर सभेत तक्रार करत होते हे एकीच्याही लक्षात आलं नाही.

निघताना काकू म्हणाल्या, "शकूची हातेखोडी करून टाक ना ग या वर्षी. तेवीसला सरस्वतीपूजा, आपल्या कॉम्प्लेक्समध्येच ठाकूरमोशाय येतो. खूप शुंदर होतं." म्हणजे आपलं पाटीपूजन, आणि ठाकूरमोशाय म्हणजे इथले भटजी. पिवळी साडी नेसवून मुलीला मांडीवर घ्यायचं, तिचा हात आपल्या हातात धरून पाटीवर पहिलं अक्षर काढायचं. सासूबाई म्हणतील दसऱ्याला करतात, हे काय मधेच! म्हणोत. मी तिथल्या तिथे नाव दिलं. पहिलं अक्षर. ते तरी माझ्या हातून.

घरी येऊन शकूला सांगितलं. डोळे चमकले. "बाबाच्या मांडीवर?"

सलील म्हणाला, "हो, चालेल की!" तो मजेत म्हणाला. त्याला कल्पनाही नव्हती.

मी म्हटलं, बघू.

२० जानेवारी, मंगळवार

लिहू की नको? लिहिते. नाही लिहिलं तर माझं मलाच उद्या खोटं वाटेल.

सलीलची मुलाखत ठरली. खरी, मोठी. क्लायंटच्या लोकांशी, व्हिडिओवर. इथलंच काम, सेक्टर फाइव्हमध्ये, वर्षभराचं. हे झालं तर एकतीस तारखेचं भूत गेलं. दिवस कुठला? तेवीस, सकाळी अकरा. हातेखोडीचीच वेळ! बंगळूरच्या माणसांना काय ठाऊक, इथे त्या दिवशी सुट्टी असते ते.

सलीलचा चेहरा पडला. "कुणालला विचारतो, बदलतात का." कुणाल म्हणजे त्याच्या कंपनीत बेंचवरच्या लोकांना काम लावून देणारा, बंगळूरला असतो, पुण्याचाच मुलगा. मी म्हटलं, अजिबात विचारू नकोस! गरज नाही असं वाटेल त्यांना. त्याला पटलं. तो शकूला अंघोळ घालायला गेला.

फोन इथे टेबलावर. पाच मिनिटांत कुणालचाच मेसेज आला: "सलीलदादा, २३ला तुमच्याकडे सुट्टी आहे ना? क्लायंटशी बोललो, संध्याकाळी चारही चालेल त्यांना. करू का?"

न विचारता! आपणहून!

आतून पाण्याचा आवाज, शकूचं खिदळणं. आधी पायावर, मग पाठीवर चित्र.

मी लिहिलं: "नको, अकराच बरं." पाठवलं. त्याचा अंगठा आला, आणि मी दोन्ही मेसेज काढून टाकले.

सलील बाहेर आला, टॉवेलात गुंडाळलेली शकू खांद्यावर. "कुणाचा होता?"

म्हटलं, कंपनीची जाहिरात.

२१ जानेवारी

त्याच्या भल्याचंच केलं. सकाळी डोकं ताजं असतं माणसाचं.

चोराच्या मनात चांदणं. कुणालचं नाव निघालं की माझ्या हातातून काहीतरी पडतं. आज वाटी.

२३ जानेवारी, शुक्रवार — सरस्वतीपूजा

दुपारचे तीन. शकू झोपलीय. सगळं नीट क्रमाने लिहिते.

सकाळी साडी मीच नेसवली. सलीलने व्हिडिओ बघून शिकून ठेवलं होतं, पण मी हात लावू दिला नाही. पिवळी, हातभर. फार गोड दिसत होती. तिला सांगितलं, बाबाचा महत्त्वाचा फोन आहे, आज आई. ती पदर चाचपत राहिली. मला वाटलं, पटलं.

सलील वर शर्ट आणि खाली चौकड्यांचा पायजमा घालून लॅपटॉपसमोर बसला. खिडक्या बंद केल्या. मी दोघांना घेऊन खाली मांडवात.

सहा मुलं रांगेत. ठाकूरमोशाय चौरंगावर, त्यांच्या तोंडापाशी माइक, आणि कॉम्प्लेक्सच्या चारी कोपऱ्यांत भोंगे. पहिला मुलगा झाला, दुसरी झाली. "शकुन!" पुकारा झाला. मी मांडी घालून बसले, तिला घेतलं, तिच्या मुठीत खडू दिला, वरून माझा हात ठेवला. आणि तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. जणू आत्ता कळलं की हे खरंच होणार आहे.

मग जे भोकाड! माइक तिच्या तोंडाजवळ. "बाबा! बाबाच हवा! आई नको!" चारी कोपऱ्यांतून. अख्ख्या कॉम्प्लेक्सभर. 'आई नको' हे दोन शब्द बंगाल्यांनाही कळले असतील. ठाकूरमोशाय माइक बंद करायचं बटण शोधतायत, विराज माझा पदर ओढतोय, "आई चल ना, लोक बघतात." रजनीकाकू लाडू दाखवतायत. मी खडू घट्ट धरून बसलेय. तिचं बोट लाल झालं, तरी मी सोडला नाही हात. हेही लिहून ठेवते.

आणि जिन्यावरून सलील. तो पायजमा, तो शर्ट, अनवाणी. मुलाखत अर्धवट टाकून.

मला वाटलं आता हा तिला घेणार, आणि सगळे वा वा करणार. त्याने तसं केलं नाही. आमच्यासमोर उकिडवा बसला. तिचे डोळे पुसले. म्हणाला, "मी इथे समोर बसतो. तू आणि आई लिहा, मी बघतो." तिची मूठ उघडली, माझा हात नीट तिच्या हातावर ठेवला, वर आपला एकदा दाबला, आणि मागे सरकला.

लिहिलं आम्ही. अ. ती पूर्ण वेळ त्याच्याकडे बघत होती, पाटीकडे नाही. अक्षर पूर्ण झालं तसा तो उठून वर धावला.

मिळालं ना मला हवं होतं ते? मिळालं. तेही त्यानेच दिलं. माझ्या हातात मुलीचा हात त्याने ठेवला! इतका राग मला त्याचा कधी आला नव्हता, आणि तो काहीच चुकला नव्हता.

वर आले तर लॅपटॉप मिटलेला. "म्हणाले, कळवतो." एवढंच बोलला आणि शकूच्या साडीच्या पिना काढायला बसला.

मी बुडवलं. आठ दिवस उरलेत, आणि हातातोंडाशी आलेलं मी बुडवलं. त्याचंही आणि माझंही. फेब्रुवारीच्या दुपारी गेल्या.

२४ जानेवारी, शनिवार

वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होतो दोघं. सलील एका मोज्याची जोडी शोधत म्हणाला, "कुणालचा फोन होता. म्हणाला, त्याने चारचं विचारलं होतं. मीच म्हणे अकरा बरं म्हटलं."

मी म्हटलं, "हं."

त्याने मोजा सापडेपर्यंत शोधला. सापडल्यावर जोडी केली, ठेवली, आणि विराजला गणित घ्यायला गेला.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२७ जानेवारी, मंगळवार

त्याच्या बरोबरीच्या दोघांना आज सकाळी एचआरने बोलावून राजीनाम्याच्या कागदांवर सह्या घेतल्या. कणीक मळता मळता सांगितलं त्याने, हवापाण्याच्या गोष्टी सांगाव्यात तसं. एकाचं बाळ तीन महिन्यांचं आहे.

आज प्रथमच मला नुसती भीती वाटली. त्याचा हेवाबिवा काही नाही. मॅडमना रजेचं पुन्हा काय तोंडाने विचारू? आणि हा माणूस उद्यापासून "घरीच असतात" या दोन शब्दांत आयुष्य काढणार, माझ्या एका मेसेजपायी. सांगून टाकावं असं दहादा मनात आलं. त्याला माहीतच आहे हेही कळतं. माहीत असलेलं सांगायला जास्त जड जातं.

मग बाहेर आले तर शकू त्याच्या पोटावर पालथी झोपलेली, विराज त्याच्या पायाला टेकून वाचतोय. जागाच नव्हती तिथे तिसऱ्याला.

पुन्हा दुखलं पोटात. इतकं सगळं होऊनही! माणसाच्या मनाला काही लाजलज्जा?

२९ जानेवारी, गुरुवार

झालं!! निवड झाली!

संध्याकाळी कुणालचा फोन, स्पीकरवर. सोमवारपासून रुजू, रोज ऑफिसात जायचं, एक वर्ष पक्कं. तेवीसला चार वाजता सलीलने स्वतःहून त्या लोकांना पुन्हा फोन लावला होता म्हणे, राहिलेले प्रश्न आता विचारा म्हणून. मला पत्ता नाही! मी त्या वेळी आत शकूपाशी पडून रडत होते.

मी टाळ्या पिटल्या. विराजला गरगर फिरवलं. आणि आनंदाच्या भरात रजेचं सगळं बोलून टाकलं — मॅडम, शकूच्या दुपारी, सगळं. उद्याच अर्ज देते म्हटलं.

सलीलने फोन हातात घेऊन कुणालला सांगितलं, "परवापर्यंत कळवलं तर चालेल ना? जरा विचार करतो."

विचार?

३० जानेवारी, शुक्रवार

अर्ज दिला. मॅडमनी सही केली, वर "एन्जॉय विद योर लिट्ल वन" म्हणाल्या. दोन महिने. इकडे हा अजून विचारच करतोय!

विचार कसला? साठ दिवस ज्याची वाट बघितली ते दारात आलंय, आणि हा बाल्कनीत शकूच्या वेण्या घालत बसलाय. मला कळतंय कसला ते. घर सोडवत नाहीये त्याला. ही मुलं सोडवत नाहीयेत. तो नाही म्हणेल. गोड हसून नाही म्हणेल, आणि सगळं जग म्हणेल केवढा त्यागी बाप! आणि मी सही झालेला अर्ज परत मागायला जाईन.

विचारलं नाही. कुठल्या तोंडाने? विचारलं तर तेवीस तारीख निघणार.

मी त्याच्याइतका हेवा कुणाचाच केला नाही आयुष्यात. शाळेत पहिल्या येणाऱ्या मुलीचासुद्धा नाही.

३१ जानेवारी, शनिवार

हो म्हणाला! पाच वाजता, अगदी शेवटच्या घटकेला. मी कोपऱ्यावरून नोलेन गुळाचे, म्हणजे खजुरीच्या ताज्या गुळाचे, संदेश आणले. सासूबाई फोनवर रडल्या, या वेळी सुखाने. शकूने विचारलं, सोमवारी अंघोळ कोण घालणार? मी म्हटलं, मी. ती म्हणाली, "आधी पायावर घाल."

घालेन बाई.

१ फेब्रुवारी, रविवार

तो उद्याच्या शर्टाला इस्त्री करत होता. राहवलं नाही, विचारलंच, दोन दिवस कसला विचार करत होतास? म्हणाला, "पोरांना सोडून जायचं म्हणजे जिवावर आलं होतं." मग म्हणाला, "तो अकराचा मेसेज तू का केलास ते मला लगेच कळलं. राग नाही आला. मीही तुझ्यासारखाच आहे."

मी म्हटलं, म्हणजे?

कॉलर दाबत राहिला. माझ्याकडे बघितलं नाही. "संध्याकाळी तुझी बेल वाजली की दोघं हातातलं टाकून दाराकडे धावतात. शकू माझ्या मांडीवर असली तरी उडी मारून जाते. साठ दिवस रोज बघतोय. माझ्यासाठी कोणी धावत नाही ग, मी घरातच असतो ना. मलाही एकदा बाहेरून यायचंय."

मला हे कधी दिसलंच नाही. मी दारात खाली वाकून सँडलचे पट्टे काढत असते.

रजा मंजूर आहे. उद्यापासून बेल तो वाजवणार.